चारठाणा फाटा, नऊ टक्के

नकाशात ते हिरवं दिसत होतं.
हिरवं म्हणजे चालू, हिरवं म्हणजे रिकामं,
हिरवं म्हणजे या.
मंठा सोडला तेव्हा एकवीस टक्के होते.
हीटर बंद केला, पायात दोन दोन मोजे,
पुढं कापसाचा ट्रॅक्टर डुलत चाललेला,
त्याला ओलांडलं नाही,
ओलांडायलाही टक्का लागतो.
बाभळींना अडकलेला कापूस दिव्यात पांढरा होऊन
परत काळा होत गेला.

फाट्यावर पोचलो तेव्हा नऊ.

बंद रसवंतीच्या मागं, पत्र्याच्या छपराखाली
फ्रीजएवढं यंत्र, त्याला दोन गन.
एकीला गोणपाट गुंडाळून सुतळीनं बांधलेलं.
दुसरी लावली.
ॲप म्हणालं, थांबा.
ॲप म्हणालं, आधी पाकिटात पाचशे भरा.
भरले.
ॲप म्हणालं, वाहनाशी संपर्क होत नाही.
रस्त्यापर्यंत जाऊन, फोन डोक्यावर धरून
एक काडी रेंज घेऊन आलो,
तरी नाही म्हणजे नाही.

तेव्हा बाजेवरची गोधडी उठून बसली.
"असं न्हाई घेत ते."
गोधडीतून मफलर, मफलरमधून मुंजाजी.
त्यांनी गन खालून उचलून धरली,
कडी बसत नसली की दार उचलतात तशी,
वर गुडघ्याचा टेकू.
खट्ट.
आणि मग आतले पंखे असे सुटले
की रसवंतीवरचं कबूतर उडालं.

"झालं सुरू," मी म्हणालो.
मुंजाजींनी तळहात पत्र्यावर ठेवला,
डोळे मिटून घेतले, थांबले.
"हां. आलं आता."

किती वेळ लागंल, मी विचारलं.
"जेवलोय मी," ते म्हणाले.
परत विचारलं, जोरात.
"ज्वारीचीच भाकर."

आता माझा धंदा सांगायला हवा:
डिकीत चौदा जोड कानयंत्रं होती,
सकाळी परभणीला शिबिर.
एक डबी उघडली.
ह्यांनाही चार्जिंगच लागतं, करंगळीच्या पेराएवढ्यांना,
पण ती निमूट घेतात, ॲप न विचारता.

तेवढ्यात मागं एक गाडी येऊन लागली.
काच खाली. "किती झाले?"
वसमतच्या फरहीन मॅडम, त्यांच्याकडं सहा,
मागच्या सीटवर झोपलेला मुलगा, त्याच्या मांडीवर क्रिकेटची बॅट.
"ऐंशीला काढाल ना? पुढं ते थेंब थेंब देतं."
मी मान हलवली. माझे तेव्हा एकतीस.
मॅडमनी काच वर केली, मग परत खाली केली,
कारण मी एका म्हाताऱ्याच्या कानात
काहीतरी खुपसत होतो.

मुंजाजी दचकले.
आधी माझ्याकडं पाहिलं, मग यंत्राकडं.
"हे वरडतंय व्हय एवढं?
मला वाटायचं, गुमान काम करतंय बिचारं."

हसले. पण थोडंच.
आठ महिने ते त्याच्या उशाला झोपत होते.
रस्त्यावरून मळणीयंत्र गेलं, मान तिकडं.
मुलगा झोपेत काही बोलला, मान इकडं.
मग दोन बोटांनी ते काढलं,
सदऱ्याला पुसलं, माझ्या हातावर ठेवलं.
"दिवसाची ड्युटी लागली की या.
रातीला हे नको."

मी शिकवलेली वाक्यं तोंडाशी आणली:
सवय होते, आवाज कमी करता येतो,
पहिले पंधरा दिवस सगळ्यांनाच.
बोललो नाही. ते काढून ठेवल्यावर
ऐकायला होतं तरी कोण?

बासष्टला गन काढली.
मॅडम म्हणाल्या, अजून अठरा आहेत की तुमचे.
म्हणालो, परभणीला पुरतात.
त्यांनी बरोबर लावली, दोनदा लावली,
यंत्र नाही म्हणालं,
आणि गोधडी परत उठली.

आरशात दिसलं तेवढं हे:
एक गुडघा वर,
आणि पत्र्यावर तळहात, पंखे माझ्यापर्यंत ऐकू येत असताना.

तीनशे बारा कापले.
एकशे अठ्ठ्याऐंशी त्या पाकिटात अडकलेत,
दुसरीकडं चालत नाहीत.